परदेशातला लॅपटॉप आणि घरची किल्ली

परदेशी जाणे ही आता काही नवलाची गोष्ट राहिलेली नाही. आपल्याच गावांतून कुणाचा मुलगा आखातात वेल्डर म्हणून जातो, कुणाची मुलगी जर्मनीत परिचारिका म्हणून जाते, कुणी जहाजावर असतो, कुणी संगणकाच्या नोकरीवर. जाणाऱ्याच्या सामानात लोणच्याची बरणी आणि थालीपिठाची भाजणी असते, तसा आता लॅपटॉपही असतो. घरच्यांची समजूत अशी की, लॅपटॉप सोबत आहे म्हणजे पोरगा कुठेही असला तरी हाताशी आहे. वाचकहो, ही समजूत अर्धी खरी आहे. उरलेल्या अर्ध्याबद्दल आज तुमच्याशी चार गोष्टी बोलायच्या आहेत.

मी निफाड तालुक्यातला द्राक्ष बागायतदार. आमच्या काही शेतकऱ्यांच्या गटाचा माल दरवर्षी न्हावाशेवा बंदरातून नेदरलँड्सला जातो. हंगामात, म्हणजे फेब्रुवारी ते एप्रिल, गटातर्फे एक जण रॉटरडॅमच्या बाजूला जाऊन राहतो. गेली काही वर्षे हे काम माझ्याकडे आहे. काम म्हटले तर साधे. कंटेनर शीतगृहाशी लागला की दार उघडताना हजर राहायचे, आतल्या तापमानाची नोंद पाहायची, ठिकठिकाणच्या पेट्या उघडून मणीगळ किती, देठ हिरवा आहे की सुकला, बुरशी कुठे आहे का, हे बघायचे. पेटीवरच्या क्रमांकासह फोटो काढायचे आणि सगळे लिहून त्याच दिवशी गावाकडे आणि खरेदीदाराकडे पाठवायचे.

यातला 'त्याच दिवशी' हा शब्द फार महत्त्वाचा आहे. माल कमी प्रतीचा निघाला तर खरेदीदाराचे पत्र यायला वेळ लागत नाही. आपले फोटो आणि नोंदी त्याच दिवशी गेल्या, तर भावाची बोलणी बरोबरीने होतात. दोन दिवसांनी गेल्या, तर समोरच्याने लिहिले तेच खरे धरले जाते. एका कंटेनरमध्ये बारा ते पंधरा टन द्राक्षे असतात. दोन-तीन घरांची वर्षभराची मेहनत त्या एका पेटाऱ्यात असते. छाटणीपासून काढणीपर्यंत रात्रंदिवस जपलेला माल शेवटी एखादे पत्र वेळेवर न गेल्यामुळे पडत्या भावात जावा, यासारखे दुःख नाही. म्हणून परदेशात लॅपटॉप जोडणे हा माझ्या दृष्टीने हौसेचा विषय नाही. तो बागेच्या फवारणीइतकाच कामाचा विषय आहे.

पहिली गाठ पिनेशी

आपल्याकडून जाणाऱ्याची पहिली अडचण इंटरनेटची नसते, भिंतीतल्या भोकांची असते. लॅपटॉपच्या चार्जरवर बारीक अक्षरांत 100 ते 240 व्होल्ट असे छापलेले असते. ते असले म्हणजे तो चार्जर जगात कुठेही चालतो, विजेची काळजी करायची नाही. पण पिना निरनिराळ्या. नेदरलँड्स, जर्मनी, फ्रान्सकडे दोन गोल पिना चालतात. इंग्लंड, दुबई, सिंगापूरला तीन चपट्या जाड पिना लागतात. अमेरिका आणि जपानमध्ये दोन पातळ पट्ट्या. आपली तीन गोल पिनांची गुडदी तिथे कुठेच धड बसत नाही. थोड्याशा पैशांत पिना बदलणारा जोड मिळतो, तो इथूनच घेऊन जावा.

लेकीच्या सामानात मिक्सर बांधून देणाऱ्या आयांनी मात्र एक लक्षात ठेवावे. तो जोड फक्त पिना बदलतो, वीज बदलत नाही. अमेरिकेत घराला 120 व्होल्टची वीज असते. आपला 230 व्होल्टचा मिक्सर तिथे नीट फिरणार नाही. युरोपात आणि आखातात वीज आपल्यासारखीच असल्याने तिथे तो चालेल.

आणखी एक. मोबाइल चार्ज करण्याची पॉवर बँक विमानाच्या पोटात जाणाऱ्या बॅगेत ठेवता येत नाही. ती हातातल्या पिशवीतच लागते. शंभर वॉट-तासांपर्यंतची पॉवर बँक सहसा चालते. बाजारात 20,000 एमएएचची म्हणून मिळते ती साधारण 74 वॉट-तासांची, म्हणजे मर्यादेच्या आत.

पाणी कुणाच्या विहिरीचे?

आता प्रत्यक्ष इंटरनेट. परदेशात ते तीन वाटांनी मिळते. विमानतळावर, हॉटेलात, चहाच्या दुकानात भिंतीवरून फुकट मिळणारे वायफाय ही पहिली वाट. त्या देशात विकत घेतलेले सिमकार्ड ही दुसरी. आपलेच भारतातले सिम तिथे चालवायचे, ज्याला रोमिंग म्हणतात, ही तिसरी. शेतकऱ्याच्या भाषेत सांगायचे, तर पहिले गावच्या पाणवठ्याचे पाणी, दुसरे भाड्याने घेतलेल्या विहिरीचे आणि तिसरे घरून टँकरने नेलेले. तिन्ही ओलेच, पण किंमत वेगळी आणि भरवसाही वेगळा.

फुकटच्या वायफायला जोडले की बहुधा आधी एक पान उघडते. त्यावर नाव, खोलीचा क्रमांक किंवा ईमेल विचारतात आणि अटी मान्य करायला लावतात. ते पान पुरे केल्याशिवाय पुढे काहीच चालत नाही. नवखा माणूस इथे घोटाळतो. जोडले गेल्याची खूण तर दिसते, मग मेल का जात नाही, म्हणून लॅपटॉप बंद-चालू करीत बसतो. पाटाला पाणी सोडले आहे, पण शेताच्या तोंडावरची फळी काढलेली नाही, असा तो प्रकार.

या पाणवठ्यावर आणखी एक धोका असतो. हॉटेलच्या नावासारखेच नाव देऊन कुणीही शेजारी बसून आपले वायफाय सुरू करू शकतो. त्याला जोडले की तो आपल्यापुढे खोटी पाने उघडू शकतो. बँकेची खरी साइट हल्ली कुलूपबंदच असते, वाटेत कुणी सहज वाचू शकत नाही. पण खोट्या पानावर आपणच आपल्या हाताने पासवर्ड लिहिला, तर कुलूप काय करणार? म्हणून माझा नियम सरळ आहे. बातम्या वाचायच्या तर पाणवठा चालेल. पैशाचे, कराराचे, पासवर्डचे काम फक्त आपल्या सिमवर करायचे. मोबाइलचा हॉटस्पॉट सुरू केला की लॅपटॉपला तेच इंटरनेट मिळते. मोठ्या कंपन्या आपल्या नोकरांना व्हीपीएन देतात. उघड्या पाटाऐवजी बंद पाइपातून पाणी न्यावे, तशी ती सोय.

युरोपात स्थानिक सिम घेण्याचा एक फायदा आहे. 15 जून 2017 पासून युरोपीय संघातल्या एका देशाचे सिम दुसऱ्या देशात जवळपास घरच्याच दरात चालते. रॉटरडॅमला घेतलेल्या सिमवर मी बेल्जियमला किंवा जर्मनीला गेलो, तरी निराळा खर्च येत नाही. इंग्लंड आणि स्वित्झर्लंड मात्र या सोयीबाहेर आहेत. तिकडे जाण्याआधी दर विचारून घ्यावा. जर्मनीत सिम विकत घेताना पासपोर्ट दाखवावा लागतो, हेही मुलांना सांगून ठेवा. आता पुष्कळ मोबाइलमध्ये ई-सिम चालते. त्यात कार्ड घालावे लागत नाही, घरी बसूनच परदेशातले कनेक्शन मोबाइलमध्ये उतरवून घेता येते. विमानातून उतरल्या उतरल्या ते चालू होते, दुकान शोधावे लागत नाही.

माझ्या कामात मात्र यापुढेही एक अडचण असते. शीतगृहाच्या भिंतींना दोन्ही अंगांनी पत्रा आणि मध्ये जाड फेस. पत्र्यातून मोबाइलची रेंज आत येत नाही. त्यात शून्य अंशाच्या आसपासच्या गारठ्यात मोबाइलची बॅटरीही झपाट्याने उतरते. म्हणून आत फक्त फोटो काढायचे आणि कागदावर नोंदी करायच्या. मग बाहेरच्या खोलीत येऊन लॅपटॉप उघडायचा. कागद आणि पेन्सिल यांना रेंज लागत नाही, हे विसरू नये. माझ्या पिशवीत लॅपटॉपच्या शेजारी नेहमी एक साधी वही असते.

तुम्ही म्हणाल, मोबाइल असताना लॅपटॉप कशाला? तर पॅकिंग लिस्ट, बीजक, रोगमुक्ततेचा दाखला आणि शंभर फोटो एकमेकांशी ताडून पाहायचे, तर मोठा पडदाच लागतो. आपल्या निर्यातीच्या द्राक्षांसाठी अपेडाने 2006 मध्ये ग्रेपनेट सुरू केले. तेव्हापासून पेटीवरच्या क्रमांकावरून माल कोणत्या बागेतला, हे सांगता येते. 2010 साली क्लोरमेक्वाटच्या अंशावरून युरोपात आपल्या द्राक्षांची केवढी अडवणूक झाली, ते नाशिककडच्या घराघरांत आठवत असेल. तेव्हापासून कागद नीट ठेवण्याचे मोल आम्हाला चांगले कळले आहे.

द्राक्षे आणि शब्द एकाच वाटेने

रॉटरडॅमहून मी पाठवलेले पत्र आकाशातून उडत गावाला येते, असे पुष्कळांना वाटते. तसे ते नाही. समुद्राच्या तळाशी घातलेल्या केबलींमधून ते येते. त्यांतल्या कित्येक भूमध्य समुद्र, इजिप्त आणि तांबडा समुद्र अशा वाटेने अरबी समुद्रात येऊन मुंबईला जमिनीवर चढतात. आणि आपली द्राक्षे कोणत्या वाटेने जात? मुंबईजवळून निघून अरबी समुद्र, तांबडा समुद्र, सुएझ कालवा, भूमध्य समुद्र. म्हणजे माल जाण्याची आणि निरोप येण्याची वाट एकच.

2023 च्या अखेरीस तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले होऊ लागले. बहुतेक मोठ्या कंपन्यांनी जहाजे आफ्रिकेला वळसा घालून न्यायला सुरुवात केली. 2024 च्या हंगामात आमच्या मालाचा प्रवास जवळपास दोन आठवड्यांनी लांबला. द्राक्षाच्या मण्याला दोन आठवडे म्हणजे काय, हे तुम्हाला सांगायला नको. पुढे 6 सप्टेंबर 2025 रोजी जेद्दाजवळ समुद्रातल्या केबली तुटल्या आणि भारत, पाकिस्तान, आखाती देश अशा कित्येक ठिकाणचे इंटरनेट मंदावले. तेव्हा परदेशातला पोरगा एखादा दिवस फोनवर दिसला नाही, तर लगेच जीव टांगणीला लावू नका. दोष त्याचा नसेल, समुद्राच्या तळाशी काही झालेले असेल. जाताना त्याच्या कंपनीचा आणि सोबतच्या एका माणसाचा साधा फोन नंबर वहीत लिहून घ्या, म्हणजे झाले.

घड्याळाचाही हिशेब ठेवावा लागतो. हिवाळ्यात नेदरलँड्स आपल्यामागे साडेचार तास असते आणि मार्चच्या शेवटच्या रविवारपासून साडेतीन तास. मी सकाळी सातला लॅपटॉप उघडतो, तेव्हा गावाकडे साडेअकरा वाजलेले असतात. पॅकहाउसमध्ये काम ऐन भरात असते. रात्री इथे जेवण आटोपून आई फोनवर येते आणि 'जेवलास का रे?' म्हणून विचारते, तेव्हा माझी तिकडे संध्याकाळ असते आणि भात अजून शिजायचा असतो. रोज एकच वेळ ठरवून घेतली की कुणाचीच झोप मोडत नाही.

ज्याचे राज्य त्याचा कायदा

काही देशांत इंटरनेट मिळते, पण सगळे काही चालत नाही. चीनमध्ये गुगल, यूट्यूब, फेसबुक, व्हॉट्सअॅप तिथल्या साध्या कनेक्शनवर उघडत नाहीत. भारतातले सिम रोमिंगवर ठेवले तर सहसा चालतात, कारण त्याची ये-जा आपल्या इथल्या कंपनीमार्फत होते. दुबई-अबुधाबीकडे व्हॉट्सअॅपवर लिहिलेला निरोप जातो, पण त्यावरून बोलणे कित्येक वर्षे अडवलेले आहे. बोलायला बोटिमसारखी परवाना दिलेली अॅप वापरावी लागतात. आपला मुलगा तिथे गेल्यावर व्हॉट्सअॅपवर बोलेना, म्हणजे तो रागावला असे समजू नये!

अशा वेळी कुणीतरी सांगतो, अमुक व्हीपीएन टाका, सगळे उघडेल. तिथल्या कायद्यात गुन्हा करण्यासाठी किंवा लपवण्यासाठी असा मार्ग वापरला, तर लाखो दिरहमचा दंड आहे. कंपनीने दिलेले व्हीपीएन कंपनीच्या कामाला वापरणे निराळे आणि बंदी चुकवायला वापरणे निराळे. पोटासाठी गेलेल्या माणसाने परक्या राज्यात कायद्याशी खेळू नये.

किल्ली कुणाच्या कनवटीला?

आता मूळ मुद्द्याकडे येतो. परदेशात इंटरनेट मिळवणे आता अवघड राहिलेले नाही. पैसे टाकले की मिळते. अवघड आहे ते आपली ओळख सोबत नेणे आणि घराची ओळख घरी ठेवणे.

आपल्या घरांतून काय होते बघा. घरात एकच शिकलेला मुलगा. आधार कार्डाला नंबर त्याचा, आजोबांच्या बँकेला त्याचा, पीएम-किसानला त्याचा, ई-पीक पाहणीला त्याचा, गॅसला त्याचा. सगळ्या कुलपांना एकच किल्ली आणि ती एकाच्या कनवटीला. तो गावात असतो तोवर कुणालाच काही जाणवत नाही. तो विमानात बसला की घराची किल्ली त्याच्याबरोबर समुद्रापार जाते.

आमच्या शेजारच्या गावातला एक हुशार मुलगा कतारला गेला. तिथले सिम घेतले, पगार सुरू झाला, सगळे छान. भारतातल्या नंबरचा रिचार्ज संपला, तो कुणी भरला नाही. काही महिन्यांनी नंबर बंद. इकडे वडिलांच्या पीएम-किसानच्या ई-केवायसीची वेळ आली. ओटीपी जायचा त्या बंद नंबरवर. केंद्रावर गेले, तर अंगठा लागेना. पन्नास वर्षे खुरपे आणि दोर धरलेल्या अंगठ्यावर रेघा उरतात थोड्याच? हप्ता दोन हजारांचाच, पण त्यासाठी म्हाताऱ्या माणसाच्या तालुक्याला पाच खेपा झाल्या. मुलगा तिकडे लॅपटॉप उघडून बसलेला, इंटरनेट उत्तम, आणि तरी त्याला वडिलांसाठी काहीही करता येईना. शेवटी वडिलांच्या आधारला त्यांचा स्वतःचा नंबर जोडला, तेव्हा काम झाले.

भारतात प्रीपेड नंबर सलग 90 दिवस वापरलाच नाही, तर कंपनी तो बंद करू शकते आणि पुढे तो दुसऱ्या माणसाला मिळू शकतो. मग आपल्या बँकेचा निरोप त्या परक्याच्या हातात. म्हणून जाणाऱ्याने भारतातले सिम टाकून देऊ नये. दोन सिमच्या मोबाइलमध्ये एक खण त्याला द्यावा. निघण्याआधी आंतरराष्ट्रीय रोमिंग चालू करून ओटीपी तिथे येईल ना, त्याचे काय पैसे पडतील, हे कंपनीला विचारून घ्यावे. डेटा रोमिंग मात्र बंद ठेवावे, नाहीतर नकळत बिल वाढते. आणि रिचार्जची तारीख घरच्या दिनदर्शिकेवर लिहून ठेवावी. घरच्या बाईमाणसाला ही तारीख माहीत असली की ती कधी चुकत नाही, हा माझ्या घरचा अनुभव आहे.

माझ्याकडे परदेशाचे काम आले, तेव्हा आम्ही सगळे एके रात्री वही घेऊन बसलो. कोणत्या कागदाला कुणाचा नंबर आहे, याची यादी केली. आबांच्या आधारला आणि बँकेला आबांचाच नंबर घातला. आबा आधी म्हणाले, "मला कशाला तो फोन? तू आहेस की." मी म्हटले, "आबा, सातबारा तुमच्या नावावर आहे, मग किल्ली माझ्याकडे का?" ते त्यांना पटले. ई-पीक पाहणी आता आमच्या सौ. करतात. पिकाचा फोटो बांधावर उभे राहूनच काढायचा असतो, तो रॉटरडॅमहून कसा निघणार? पहिल्या वर्षी त्यांनी चुलत दिराला सोबत नेले, दुसऱ्या वर्षी एकट्या गेल्या. आता गल्लीतल्या आणखी तीन घरांची नोंद त्यांच्या मदतीने होते.

एक सावधगिरी मात्र घराघरांत हवी. मुलगा परदेशी गेला, हे गावाला कळते तसे ठकांनाही कळते. अनोळखी नंबरवरून फोन येतो, "तुमचा मुलगा इकडे अडकला आहे, लगेच पैसे पाठवा." हल्ली आवाजाची नक्कलही हुबेहूब करता येते. अशा वेळी आईचे काळीज थांबत नाही. म्हणून घरातल्यांनाच ठाऊक असेल असा एक प्रश्न आधीच ठरवून ठेवा. आमच्या घरी जुन्या बैलजोडीची नावे विचारायची, असे ठरले आहे. उत्तर आले नाही की फोन ठेवायचा आणि मुलाच्या नेहमीच्या नंबरवर आपण फोन करायचा. फसवणूक झालीच, तर वेळ न घालवता 1930 या नंबरवर कळवावे. आणि ओटीपी? तो मुलाने आईला सांगावा, आईने मुलाला सांगावा, तिसऱ्याला नाही. बँकेचा साहेब म्हणवणाऱ्यालाही नाही.

तेव्हा वाचकहो, तुमच्या घरातून कुणी परदेशी निघाले असेल, तर लाडू-चिवड्याची तयारी जरूर करा, पण एक संध्याकाळ या कामाला काढा. सगळे मिळून बसा. आधार, बँक, पीएम-किसान, विमा, गॅस, प्रत्येकापुढे कुणाचा नंबर आहे ते लिहा. ज्याचे खाते त्याचा नंबर, हा नियम लावा. घरात निदान आणखी एकाला, मग ती सून असो, लेक असो की धाकटा भाऊ असो, ही कामे स्वतःच्या हाताने करायला शिकवा. जाणाऱ्याच्या लॅपटॉपला जगात कुठेही इंटरनेट मिळेल. त्याला तिकडे निवांत काम करता यावे, असे वाटत असेल, तर घराची किल्ली घरात राहिली पाहिजे.